शेणातला काळा गडी

सन २०२४ च्या जून महिन्यात वळवाच्या दोन सरी पडून गेल्या आणि आमच्या भागात हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. माळाच्या कडेला वसलेल्या एका गावी आम्ही तीन रात्री प्रकाश सापळे लावले होते. दिव्याखाली घमेले, घमेल्यात पाणी आणि पाण्यावर थोडे रॉकेल, अशी नेहमीची व्यवस्था होती. तिसऱ्या दिवशी सकाळी घमेली ओतली तेव्हा किड्यांचा ढीग पाहून गावकरी खूष झाले आणि मीही मनात समाधान पावलो.

त्या वेळी गावातील एक वृद्ध गुराखी तेथे आले. त्यांनी काठीच्या टोकाने ढीग विसकटला, एक लहानसा काळा किडा उचलून तळहातावर घेतला आणि मला विचारले, "साहेब, हुमणी मारा, माझं काही म्हणणं नाही. पण हे बारके काळे आमच्या माळावरचे गडी हायेत. ह्यांना कशापायी मारलंत?"

मी म्हणालो, "आजोबा, हा तर शेणातला किडा. तो असला काय आणि नसला काय?"

ते म्हणाले, "मग माळावरचं शेण कोण पुरतं, साहेब? तुम्ही का मी?"

ह्यावर मला उत्तर देता आले नाही. मी तो ढीग पुन्हा नीट पाहिला. त्यात हुमणीचे भुंगेरे होते, पण निम्म्याहून थोडेच कमी असे शेणकिडे होते. ज्याविषयी महाविद्यालयात शिकलो होतो आणि ज्याची उपयुक्तता परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते, तोच किडा मी मोहिमेच्या घाईत शत्रूबरोबर मारून टाकला होता. आपल्याकडे एखाद्याला हिणवावयाचे झाल्यास 'शेणातला किडा' म्हणतात. हा शब्द ज्याच्यावरून आला त्या प्राण्याची खरी योग्यता काय आहे, तो आपल्यासाठी कोणते काम करतो आणि अजाणतेपणी त्याचा नाश होऊ नये म्हणून काय करता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

शेणकिड्याची ओळख

शेणावर जगणारे भुंगेरे अनेक जातींचे आहेत. माळावर ताज्या शेणात जे लहान, काळे किडे हटकून आढळतात त्यांपैकी बहुतेक ऑन्थोफॅगस ह्या वंशातील असतात. ह्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'शेण खाणारा' असा आहे. जगात ह्या वंशाच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि एकट्या भारतात त्यांची संख्या शंभराहून जास्त आहे. कोणाची पाठ निव्वळ काळी, कोणाची तपकिरी झाक असलेली, तर कोणाची तांब्यासारखी चमकणारी असते. लांबी सामान्यतः अर्धा ते सव्वा सेंटिमीटर असते.

शेणकिड्याची घडण त्याच्या कामास साजेशी असते. डोके फावड्याच्या पात्यासारखे पसरट असते, आणि तोंडाचे अवयव त्या पात्याखाली झाकलेले असतात. पुढचे पाय आखूड, रुंद व दातेरी असल्यामुळे माती उकरणे त्यास सोपे जाते. किडा मुठीत धरला तर तो बोटांच्या फटीतून इतक्या जोराने रेटा देतो की, एवढ्याशा प्राण्यात एवढे बळ कोठून आले ह्याचे नवल वाटते. ह्याच वंशातील ऑन्थोफॅगस टॉरस ही भूमध्य समुद्राच्या सभोवतालच्या प्रदेशातील जात होय. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ह्या जातीच्या एका नराने आपल्या वजनाच्या १,१४१ पट भार ओढल्याची नोंद झाली आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाने सुमारे ऐंशी टन ओझे ओढावे, त्यातलाच हा प्रकार.

पुष्कळ जातींत नराच्या डोक्यावर शिंगे असतात. अळी असताना ज्याला भरपूर शेण मिळाले तो नर मोठा व शिंगाळा होतो, आणि ज्याला थोडे मिळाले तो लहान व जवळजवळ बिनशिंगी राहतो. शिंगाळा नर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो व दुसऱ्या नरास आत शिरू देत नाही. तेव्हा शिंग दिसले की तो पिकाचा शत्रू, असे समजण्याचे कारण नाही.

कधी कधी ह्या किड्याच्या अंगाला तांबूस रंगाचे, टाचणीच्या डोक्याहून लहान असे कोळी चिकटलेले दिसतात. किडा रोगट आहे असे त्यावरून वाटते. वास्तविक त्यांतील पुष्कळसे कोळी केवळ त्याच्या पाठीवर बसून प्रवास करीत असतात. किडा नव्या शेणावर उतरला म्हणजे ते खाली उतरतात आणि शेणातील माश्यांची अंडी व लहान अळ्या खातात. अशा रीतीने शेणकिडा आपल्याबरोबर आणखी एक मदतनीस घेऊन येतो.

शेणाच्या पोखाली काय चालते

गाय किंवा म्हैस माळावर शेण टाकते. त्याचा वास सुटताच, कधी कधी तर काही मिनिटांतच, पहिले किडे उडत येऊन त्यावर उतरतात. त्यांच्या कामाच्या तीन तऱ्हा आहेत. काही जाती शेणाचा गोळा करून तो लोटीत दूर नेतात व तेथे पुरतात. काही शेणातच राहून तेथेच अंडी घालतात. ऑन्थोफॅगस वंशातील बहुतेक किडे मात्र पोच्या अगदी खाली जमिनीत बीळ खणतात आणि शेण तुकड्यातुकड्याने खाली ओढून नेतात.

बीळ साधारणतः वीतभर खोल जाते. जमीन भुसभुशीत असेल तर काही जाती त्याहूनही खोल जातात. बिळाच्या टोकाशी मादी शेण दाबून त्याचा करंगळीच्या पेराएवढा गोळा करते, त्यात एक लहान पोकळी ठेवते आणि तेथे एकच अंडे घालून गोळा बंद करते. पुष्कळदा नरही शेण खाली पोचविण्यास मदत करतो. एका गोळ्यात एक अंडे, असे मादी एकामागून एक गोळे तयार करते. अंड्यातून निघालेली पाठीवर कुबड असलेली पांढरी अळी त्या गोळ्यातले शेण खाऊन वाढते, तेथेच कोष करते आणि पुढे काळा किडा होऊन बाहेर पडते. अळीचे सारे आयुष्य त्या बंद गोळ्यात जाते. पिकाच्या मुळाशी तिचा संबंध येत नाही.

पूर्ण वाढ झालेल्या किड्याचे जबडे मऊ, पडद्यासारखे असतात. तो शेणातील रस व अतिसूक्ष्म कण गाळून घेतो. पान कुरतडणे किंवा मूळ चावणे त्याला शक्यच नसते. ही गोष्ट शेतकरी बंधूंनी पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढे हुमणी व शेणकिडा ह्यांतील भेद सांगताना तिचा उपयोग होणार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पिकांवरील पुष्कळ किडी शेकड्यांनी अंडी घालतात, म्हणून त्यांचा कितीही नाश केला तरी त्या पुन्हा बळावतात. शेणकिड्याची मादी प्रत्येक अंड्यासाठी वेगळा गोळा करीत असल्याने तिची संतती थोडी असते. एकदा त्यांची संख्या घटली म्हणजे ती भरून येण्यास वेळ लागतो.

शेतकऱ्यास होणारे लाभ

माळावर पडलेले शेण उन्हात तसेच वाळले तर त्यातील नत्राचा बराच भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत निघून जातो. वर कडक पापुद्रा धरलेला पो महिनोन् महिने पडून राहतो व त्याखालचे गवत मरते. सभोवतालचे गवत वाढले तरी जनावर त्यास तोंड लावीत नाही. तेच शेण शेणकिड्याने जमिनीत नेले तर नत्र मातीत राहतो आणि गवताच्या मुळांना मिळतो. बिळांच्या वाटेने पावसाचे पाणी आत मुरते व हवा खेळते. नांगर न लावता माळाची मशागत होते, ती अशी.

दुसरा लाभ जनावरांच्या आरोग्याचा आहे. गुरांचे रक्त शोषणाऱ्या काही माश्या ताज्या शेणातच अंडी घालतात. किड्यांनी शेण विसकटून कोरडे केले वा खाली नेले म्हणजे त्या माश्यांच्या अळ्यांना पुरेसे ओले अन्न उरत नाही. जंतांचेही तसेच आहे. जनावराच्या पोटातील जंतांची अंडी शेणाबरोबर बाहेर पडतात, ओलाव्यात उबतात, आणि त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या गवतावर चढून पुन्हा जनावराच्या पोटात जातात. शेण लवकर विसकटले गेल्याने हे चक्र पुष्कळ अंशी खंडित होते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

ह्या कामाचे मोल पैशात काढण्याचाही प्रयत्न झाला आहे. सन २००६ मध्ये अमेरिकेतील दोन कीटकशास्त्रज्ञांनी केलेल्या अंदाजानुसार, त्या देशातील पशुपालकांना शेणकिड्यांच्या कामामुळे दरसाल सुमारे ३८ कोटी डॉलरचा फायदा होतो. आपला देश तर गुराढोरांचा आहे. येथे हे काम किती मोठ्या प्रमाणावर होत असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

जेथे शेणकिडा नव्हता तेथे काय घडले

घरच्या गड्याची किंमत तो काम सोडून गेल्यावर कळते. ह्याचे मोठे उदाहरण ऑस्ट्रेलिया देशाने घालून दिले आहे. त्या खंडात मूळची गुरे नव्हती. सन १७८८ मध्ये युरोपातील वसाहतवाल्यांबरोबर ती तेथे प्रथम गेली व पुढे त्यांची संख्या कोट्यवधींवर पोचली. तेथे शेणकिडे होते, परंतु ते कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या, लहान लेंड्यांवर पोसलेले होते. गाईच्या ओल्या, मोठ्या पोचे काय करावे हे त्यांतील बहुतेकांना उमगेना. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते तसेच पडून राहू लागले, कुरणे झाकली जाऊ लागली आणि माश्यांचा उपद्रव असह्य झाला.

जॉर्ज बोर्नेमिसा नावाचे हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ सन १९५० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आले. आपल्या मायदेशी कुरणे स्वच्छ असतात आणि येथे शेणाचे थर साचतात, हे पाहून त्यांनी त्यामागील कारण शोधले. बाहेरून योग्य जातीचे शेणकिडे आणावेत, असे त्यांनी सुचविले, आणि त्यांच्या पुढाकाराने तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने सन १९६५ पासून हे काम हाती घेतले. किड्यांबरोबर गुरांचे रोग देशात येऊ नयेत म्हणून विशेष काळजी घेण्यात आली. परदेशी केंद्रात अंडी काढून ती निर्जंतुक द्रावणाने धुतली जात, तेवढीच विमानाने धाडली जात आणि ऑस्ट्रेलियात माणसांनी हाताने केलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक करून ठेवली जात. सन १९८५ पर्यंत चाललेल्या ह्या योजनेत ४३ जाती मोकळ्या सोडण्यात आल्या व त्यांपैकी २३ तेथे स्थिरावल्या. त्यांत वर उल्लेखिलेली ऑन्थोफॅगस टॉरस ही जातही आहे. काही भागांत शेण लवकर नाहीसे होऊ लागले व माश्यांचा त्रासही उतरला.

जे काम आपल्या माळावर फुकट होते, त्यासाठी दुसऱ्या देशाला वीस वर्षे खटपट करावी लागली, हे ह्यावरून दिसते. आपल्याला एकही किडा बाहेरून आणावयाचा नाही. जे आहेत ते राखावयाचे आहेत.

जंताच्या औषधाविषयी सावधगिरी

शेणकिड्यास आज दोन बाजूंनी धोका आहे. पहिला धोका जनावरांच्या औषधांचा होय.

आयव्हरमेक्टिन हे औषध सन १९८१ मध्ये पशुवैद्यकीय वापरात आले. ते जंत, गोचीड, खरूज अशा आतल्या व बाहेरच्या परोपजीवींवर गुणकारी आहे. त्याच्या शोधाशी निगडित असलेले जपानचे सातोशी ओमुरा व आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम कॅम्पबेल ह्यांना सन २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध चांगले आहे ह्यात शंका नाही. परंतु त्याचा मोठा भाग जनावराच्या शरीरात न बदलता शेणावाटे बाहेर पडतो. इंजेक्शन दिल्यानंतर पहिल्या काही दिवसांत त्याचे शेणातील प्रमाण सर्वांत जास्त असते, आणि पुढेही काही आठवडे अंश येत राहतो. अशा शेणात घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या शेणकिड्यांच्या अळ्या मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते. मोठा किडा बहुधा मरत नाही, म्हणून वरून पाहणाऱ्यास सारे ठीक दिसते. पण पुढची पिढी निघत नाही. गोचिडांसाठी जनावराच्या अंगावर ओतावयाच्या काही औषधांचाही शेणावाटे असाच परिणाम होतो.

ही गोष्ट वाचून आपल्याला गिधाडांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. सन २००४ मध्ये हे कारण उघडकीस आले व २००६ मध्ये भारतात ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण तोवर फार उशीर झाला होता. मेलेली जनावरे साफ करणारा सेवक आपण असा गमावला. शेण साफ करणाऱ्या सेवकाच्या बाबतीत वेळीच सावध व्हावे.

ह्याचा अर्थ जंताचे औषध देऊ नये असा मुळीच नाही. जनावर खंगत असेल तर औषध दिलेच पाहिजे. मात्र पुढील पथ्ये पाळावीत.

१. दुकानातून ऐकीव माहितीवर औषध आणू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाची तपासणी करून घ्यावी व गरज असेल त्याच जनावरास औषध द्यावे.

२. केवळ पोटातील जंतांसाठी औषध हवे असेल तर फेनबेंडॅझोल, अल्बेंडॅझोल किंवा लेव्हामिसोल ह्यांपैकी योग्य ते देता येईल काय, असे पशुवैद्यकास विचारावे. शेणकिड्यांना ह्यांपासून फारसा अपाय होत नाही. गाभण जनावराच्या बाबतीत, विशेषतः पहिल्या महिन्यांत, अल्बेंडॅझोल स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

३. आयव्हरमेक्टिन देणे आवश्यक असेल तर औषध दिलेली जनावरे निदान पहिला आठवडाभर गोठ्यातच बांधावीत व त्यांचे शेण माळावर न पडू देता खड्ड्यात टाकून कुजवावे.

४. पावसाळ्याच्या आरंभी, म्हणजे शेणकिडे मोठ्या संख्येने बाहेर पडतात त्या दिवसांत, साऱ्या कळपास एकाच वेळी हे औषध टोचण्याचे टाळावे.

हुमणीची मोहीम आणि शेणकिडा

दुसरा धोका आपल्याच हातून, अजाणतेपणी घडतो. त्याची कबुली मी आरंभीच दिली आहे.

हुमणी ही ऊस, भुईमूग, सोयाबीन अशा पिकांची मुळे खाणारी घातक कीड आहे आणि तिचे भुंगेरे अंडी घालण्यापूर्वी गोळा करणे हा उत्तम उपाय आहे, ह्यात दुमत नाही. अडचण एवढीच की, माळावरील हुमणीचे भुंगेरे व शेणकिडे हे दोघेही पहिल्या पावसानंतरच बाहेर पडतात आणि दोघेही रात्री दिव्याकडे येतात. दिव्याला शत्रू-मित्र कळत नाही. तो भेद आपणच केला पाहिजे.

ह्या दोघांतील फरक असा आहे. माळावरील हुमणीचा भुंगेरा सुमारे दोन सेंटिमीटर लांब, तांबूस ते गडद तपकिरी रंगाचा व लांबट असतो. पाय सडपातळ असतात आणि डोक्यावर शिंग कधीच नसते. लहान शेणकिडा त्याच्या निम्म्याएवढा किंवा त्याहूनही लहान, बहुधा काळा, वाटोळा व बसकट असतो. डोके फावड्यासारखे आणि पुढचे पाय रुंद व दातेरी असतात. शेणकिड्यांच्या काही मोठ्या जाती हुमणीच्या भुंगेऱ्याहूनही थोर असतात, परंतु त्यांचेही डोके पसरट फावड्यासारखेच असते. कोकणात नारळावरचा गेंड्या भुंगा हा शिंगाळा व चांगला मोठा असतो. तो नारळाचा शत्रू आहे. शंका वाटल्यास नमुना डबीत घालून कृषी कार्यालयात दाखवावा.

ह्यावरून मोहिमेत काय बदल करावा हे सहज ध्यानात येईल. हुमणीचा भुंगेरा पाने खातो, म्हणून तिन्हीसांजेनंतर तो कडुलिंब, बाभूळ, बोर ह्या झाडांवर जमतो. शेणकिड्याला पान खाताच येत नाही, म्हणून तो ह्या झाडांवर जमत नाही. अर्थात रात्री फांद्या हलवून खाली पसरलेल्या कापडावर पडलेले भुंगेरे गोळा केले तर नेमका शत्रूच हाती लागतो. म्हणून झाडे हलविण्यावर अधिक भर द्यावा व प्रकाश सापळा त्यास पूरक म्हणून वापरावा.

सापळ्याच्या घमेल्यात रॉकेल न टाकता थोडे साधे पाणी ठेवावे. भुंगेरे साधारणतः संध्याकाळी सात ते नऊ ह्या वेळात अधिक येतात. तेवढाच वेळ दिवा लावावा आणि एक माणूस जवळ बसवावा. दर अर्ध्या तासाने त्याने हुमणीचे भुंगेरे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत आणि शेणकिडे अंधारात मोकळे सोडावेत. गावातील शाळकरी मुलांना हा फरक एकदा दाखविला तर ती हे काम मोठ्यांहून चपळाईने करतात, असा माझा अनुभव आहे.

नदीकाठच्या हुमणीचे भुंगेरे झाडांवर फारसे जमत नाहीत. तेथील बंदोबस्ताची पद्धत वेगळी असल्याने त्या भागातील शेतकऱ्यांनी कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

उकिरड्यातील पांढऱ्या अळ्या

उकिरडा उपसताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या की शेतकरी घाबरतो व सारा खड्डा औषधाने भिजवितो. तसे करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. दोन-चार अळ्या सपाट फरशीवर किंवा पाटावर ठेवाव्यात. जी अळी उताणी होऊन पाठीवर सरपटत जाते ती फुलभुंगेऱ्याची अळी होय. ती कुजका काडीकचरा खाऊन खत लवकर तयार करते. तिला खड्ड्यातच राहू द्यावे. जी कुशीवर वाकून पडून राहते, पाठीवर चालत नाही, ती हुमणीची असू शकते. ती वेचून नष्ट करावी. कोकणात बोटापेक्षा जाड, फार मोठ्या अळ्या निघाल्यास त्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात. शेणकिड्याची अळी मात्र सहसा उकिरड्यात सुटी सापडत नाही. ती माळावर, जमिनीखाली, आपल्या गोळ्यात असते. नांगरटीत असा मातकट गोळा फुटून आत कुबडी अळी दिसली तर ती हुमणी नव्हे. कोणत्याही परिस्थितीत अर्धवट कुजलेले शेणखत शेतात घालू नये, हा जुना सल्ला येथेही लागू आहे.

गावात करून दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंना माझी सूचना आहे की, ही माहिती केवळ सांगू नये, करून दाखवावी. पावसाळ्याच्या आरंभी गायरानात, जंताचे औषध न दिलेल्या जनावराचे ताजे शेण घेऊन एकेक किलोचे दोन पो शेजारी शेजारी ठेवावेत. एकावर बारीक जाळी घालून तिच्या कडा मातीत दाबून टाकाव्यात, म्हणजे किडे आत शिरणार नाहीत. दुसरा उघडा ठेवावा. गुरांनी तुडवू नये म्हणून भोवती काट्या रोवाव्यात. आठ दिवसांनी गावकऱ्यांना बोलावून दोन्ही पो त्यांच्यासमोर उचलावेत, तोलावेत आणि खालची जमीन फावड्याने वीतभर उकरून दाखवावी. ज्या माळावर किडे आहेत तेथे उघड्या पोखाली मातीचे कण, बिळे व शेणाचे गोळे दिसतील. जेथे काहीच दिसणार नाही, त्या गावाने औषधांच्या वापराविषयी विचार करावा, हे उघड आहे.

माळावरचे शेण राखावे म्हटल्यावर आमच्या भगिनी विचारतील की, मग गोवऱ्या कशाच्या थापावयाच्या? ह्यात अडचण काहीच नाही. गोठ्यातील शेण पूर्वीप्रमाणेच गोवऱ्या, गोबरगॅस व खताचा खड्डा ह्यांसाठी वापरावे. पावसाळ्यात गोवऱ्या तशाही वाळत नाहीत. शेणकिड्याच्या कामाचे दिवसही तेच आहेत. तेव्हा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत गायरानात पडलेले शेण तेथेच राहू द्यावे, एवढेच मागणे आहे.

गेल्या मोसमात आम्ही त्याच गावी पुन्हा सापळे लावले. ह्या वेळी घमेल्यात साधे पाणी होते आणि त्याभोवती चार मुले बसली होती. ते वृद्ध गुराखीही आले होते. मुलांनी वेगळे काढलेले काळे किडे एका टोपलीत घालून त्यांनी स्वतः माळाच्या बाजूला नेऊन सोडले. परत आल्यावर ते म्हणाले, "साहेब, आता सकाळी कामावर येतील बघा." शेतकरी बंधूंनी ह्या मोसमात आपल्या माळावरचा एक तरी पो उलथून पाहावा आणि आपले गडी कामावर आहेत की नाहीत ह्याची खात्री करून घ्यावी.